दिवाणखान्यात झुलणारा हत्ती
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्या काळी एखाद्याची श्रीमंती सांगायची तर 'त्याच्या दारी हत्ती झुलतो' असं म्हणत. हत्ती विकत घेणं एक वेळ जमे. पण त्याला रोज चारा घालणं, माहूत ठेवणं आणि मुख्य म्हणजे तो उभा राहील एवढं अंगण असणं, हा खरा खर्च. आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे, ती या हत्तीच्याच जातीची आहे. ती वस्तू म्हणजे उंची ॲम्प्लिफायर, गाणं ऐकण्याच्या यंत्रणेतला सगळ्यात वजनदार आणि बहुतेक वेळा सगळ्यात महाग डबा.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागात या हत्तीची ओढ असलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे निवृत्तीच्या आसपासचे. तीस-पस्तीस वर्षं लोकलचा पास काढला, घराचे हप्ते फेडले, मुलं मार्गाला लागली. हातात फंडाची, ग्रॅच्युइटीची रक्कम आली आणि विशीत मनात राहून गेलेली इच्छा डोकं वर काढू लागली. पाच लाख? आठ लाख? आता नाही तर कधी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण ती रक्कम पुन्हा कमावता येत नाही आणि ऐकण्याची वर्षंही पुन्हा मिळत नाहीत.

ही ओढ येते कुठून, ते आधी पाहू. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी ध्वनियंत्रणा उघडपणे विकत मिळणं दुरापास्त होतं. आयातीवर निर्बंध होते. दुकानाच्या काचेमागे सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा संच दिसे, पण नोकरदाराच्या पगारात तोही बसत नसे. मग लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणायचे, टीबीए ८१० ही आयसी किंवा २एन३०५५ हे ट्रान्झिस्टर आणायचे आणि ओळखीच्या मेकॅनिककडून ॲम्प्लिफायर 'असेंबल' करून घ्यायचा. चाळीच्या खोलीत मडक्यावर स्पीकर बसवून ऐकणारी पिढी ती हीच. परदेशी मासिकांतली मॅकिन्टॉशच्या निळ्या काट्यांची छायाचित्रं पाहत ती मोठी झाली. १९९१ नंतर बाजार हळूहळू खुला झाला, पण तोवर संसार सुरू झाले होते. इच्छा राहिली ती राहिलीच.

आता हे यंत्र करतं काय? पुष्कळांची समजूत अशी, की ते बारीक आवाज फुगवून मोठा करतं. तसं नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे आणि खाली नळाला तोटी आहे. तोटी पाणी तयार करत नाही. बोटाच्या हलक्या हालचालीबरहुकूम टाकीतलं पाणी कमी-जास्त सोडते. ॲम्प्लिफायरची टाकी म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर भरणारा त्याचा पॉवर सप्लाय. सीडी प्लेयरकडून येणारा सुमारे दोन व्होल्टचा नाजूक संकेत म्हणजे तोटीवरचं बोट. इंग्रजांनी जुन्या काचेच्या नळीला 'व्हॉल्व्ह', म्हणजे झडप, हे नाव दिलं. चांगला ॲम्प्लिफायर म्हणजे बोटाची थरथरसुद्धा प्रामाणिकपणे पाण्यात उतरवणारी तोटी आणि अचानक जोराची मागणी आली तरी रिकामी न होणारी टाकी.

या 'अचानक मागणी'तच मोठ्या यंत्राचं समर्थन आहे. ध्वनीचा हिशेब डेसिबलमध्ये होतो. तीन डेसिबल वाढवायचे तर दुप्पट वीज लागते, दहा डेसिबलना दहापट आणि वीस डेसिबलना शंभरपट. तंबोऱ्यावर आलाप चालला असताना अर्धा वॉट पुरतो. त्याच मैफलीत तबलजीनं डग्ग्यावर जोरकस थाप मारली, तर क्षणभर पन्नास वॉट लागू शकतात. यंत्र तिथं कमी पडलं तर थापेचा घुमारा जातो आणि ठोकळा उरतो. हे खरं आहे, कानाला कळणारं आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. घरगुती स्पीकरला एक वॉट दिला, तर एक मीटरवर साधारण ८७ ते ९० डेसिबल इतका आवाज होतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा आवाज मोठाच. म्हणजे आपल्याकडच्या दिवाणखान्यात बहुतेक काळ एक वॉटच्या आतच काम भागतं आणि थापांसाठी पन्नास-साठ वॉटांची तरतूद पुरेशी होते. एवढं सांभाळणारं चांगलं यंत्र आज पन्नास-साठ हजार रुपयांत मिळतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नॅड कंपनीचा ३०२० हा ॲम्प्लिफायर आला. कागदावर अवघा २० वॉटचा आणि किमतीनं माफक. तरीही जगभरच्या रसिकांनी तो डोक्यावर घेतला, तो याच कारणानं.

मग पुढचे लाख कशाचे? काही अंशी ते खरोखर यंत्राचे असतात. दहा-पंधरा किलोचा ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारी जाड ॲल्युमिनियमची कवचं, हातानं केलेली जोडणी, निवडून घेतलेले भाग. मोजकेच नग निघतात, म्हणून प्रत्येक नगावर बसणारा खर्च जास्त. त्यावर आयातकर, वाहतूक, विक्रेत्याचा वाटा. पण कानाला पडणारा फरक किमतीच्या प्रमाणात वाढतो का? अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं जानेवारी १९८७ च्या अंकात एक चाचणी प्रसिद्ध केली. दोन-सव्वादोनशे डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत यंत्रं घेतली, आवाजाची पातळी सारखी केली आणि कोणतं यंत्र चालू आहे हे न सांगता पंचवीस जणांना ऐकवली. उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर आली. त्याआधी १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अभियंत्यानं 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं. तुमचा आवडता महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर द्या, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्राचा आवाज मी हुबेहूब तसा करून देतो! दोन दिवसांच्या खटपटीनंतर संपादकांना फरक ओळखता आला नाही.

याचा अर्थ सगळी यंत्रं सारखी, असा घेऊ नये. हट्टी स्पीकर, मोठी खोली, भला मोठा आवाज अशा परिस्थितीत फरक पडतोच. जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्ह यंत्रांची स्वतःची एक ऊब असते आणि ती अनेकांना मनापासून आवडते. अर्थ एवढाच, की एका मर्यादेनंतर आपण जास्तीचे पैसे मोजतो ते ऐकण्यासाठी कमी आणि बाळगण्यासाठी अधिक.

आता चाऱ्याचा आणि अंगणाचा हिशेब. शौकिनांना प्रिय असलेला 'क्लास ए' पद्धतीचा ॲम्प्लिफायर गाणं वाजो न वाजो, चालू केल्यापासून जवळजवळ सारखीच वीज खातो. तो ३०० वॉट घेत असेल आणि रोज तीन तास लावला, तर महिन्याला २७ युनिट झाली. बिलापेक्षा मोठी अडचण अशी, की ती वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. एप्रिल-मे महिन्यात कल्याणला बंद खोलीत शेगडी पेटवून बसल्यासारखं होतं. मग पंखा लावावा लागतो. ज्या निःशब्दतेसाठी लाखो रुपये मोजले, त्या निःशब्दतेवर पंख्याची घरघर चढते! व्हॉल्व्हची यंत्रं असतील तर त्यांच्या पॉवर नळ्या दोन ते पाच हजार तासांत थकतात. रोज तीन तास म्हणजे वर्षाला हजारावर तास झाले. दोन-चार वर्षांनी नवा संच घ्यावाच लागतो.

मोठ्या ॲम्प्लिफायरबरोबर मोठे स्पीकर येतात. ते भिंतीला चिकटवून ठेवले तर खर्जाचा गोंगाट होतो, म्हणून दोन फूट पुढे ओढावे लागतात. दहा फूट रुंदीच्या खोलीत ही वीस चौरस फूट जागा झाली. जागेचा भाव आठ हजार रुपये चौरस फूट धरला, तर एक लाख साठ हजारांची जमीन स्पीकरच्या पाठीमागे रिकामी पडली. ज्या घरात सून-मुलगा आणि नातवंडं एकाच दिवाणखान्यात वावरतात, तिथं हा खर्च रोज दिसतो.

आणि शांतता? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. आपली ही गावं वाढली ती रुळांच्या कडेनं. त्या रुळांवर आज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत लोकल धावतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे जेव्हा गाड्या विरळ होतात आणि शेजारचा टीव्ही बंद होतो, नेमकं तेव्हा आपणही हळूच ऐकायचं असतं. कुजबुजीएवढ्या आवाजासाठी ऐरावत बाळगण्यात अर्थ कितपत, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दोन खर्च याहूनही नाजूक आहेत. पहिला कानांचा. तरुण कान वीस हजार हर्ट्झच्या जवळपासपर्यंत ऐकतात. वय वाढतं तशी वरची पट्टी कमी होत जाते आणि साठीत ती पुष्कळांच्या बाबतीत दहा-बारा हजारांवर येते. पैसा हातात येतो तेव्हा कान थोडे मागे सरकलेले असतात. सुदैवानं गाण्याचा जीव बराचसा त्या मर्यादेच्या आतच असतो, म्हणून यात निराश होण्याजोगं काही नाही. पण 'अतिसूक्ष्म' तपशिलासाठी जादा तीन लाख देण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. तिचा खर्च त्या मानानं नगण्य आहे.

दुसरा खर्च संग्रहाचा. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्यांत जे मुळात कोरलंच गेलं नाही, ते कुठलाही ॲम्प्लिफायर नव्यानं आणू शकत नाही. उलट खरखर मात्र स्वच्छ ऐकू येते. मग हळूहळू असं होतं, की माणूस आपल्याला आवडणारं गाणं लावत नाही, यंत्राला शोभणारं गाणं लावतो. पाचशे तबकड्यांतल्या दहाच पुन्हा पुन्हा वाजतात. ज्या गाण्यासाठी यंत्र आणलं, ते गाणंच घरातून बाहेर पडतं. माझ्या मते या शौकाचा सगळ्यात महाग हप्ता हाच.

मग घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. अंधाऱ्या खोलीत व्हॉल्व्हचा केशरी उजेड, बोटाखाली जड, मऊ फिरणारं बटण, आयुष्यभर मन मारल्यानंतर स्वतःसाठी घेतलेली एक उत्तम वस्तू. हा आनंद खोटा नाही. पैठणी काही केवळ अंग झाकायला घेत नाहीत. फक्त दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. एक ऐकण्याची, दुसरी बाळगण्याची. बाळगण्याचा खर्च ऐकण्याच्या वहीत लिहिला की घरात भांडणं होतात आणि स्वतःशीही खोटं बोलावं लागतं.

ऐकण्याच्या वहीतला क्रम असा असावा. आधी खोली. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढ्यानंही आवाज कितीतरी सुधारतो. मग स्पीकर, कारण कानाला सगळ्यात जास्त फरक तिथं कळतो. ॲम्प्लिफायर त्यानंतर. घेण्यापूर्वी दोन यंत्रं आपल्याच घरात, आपल्याच स्पीकरवर, आवाजाची पातळी सारखी करून ऐकावीत. कोणतं यंत्र चालू आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसानं ठरवावं आणि आपण पाठ करून बसावं. दहा-बारा वेळा ऐकूनही फरक सांगता आला नाही, तर स्वस्त यंत्र घ्यावं आणि उरलेल्या पैशांचं पुढे काय करायचं ते घरच्यांना विचारावं.

आणि कानाला खऱ्या आवाजाची ओळख ठेवावी. कल्याण गायन समाजाची परंपरा आपल्या गावात आहे, देवगंधर्व महोत्सव आहे. ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह होतो. सभागृहात ध्वनिक्षेपक असतो हे खरं, म्हणून कधी एखाद्या गुरुजींच्या शिकवणीला तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसावं. षड्जाची तार छेडल्यावर जवारीतून स्वर कसा उमलतो आणि कसा विरत जातो, ते एकदा कानात साठवावं. दुकानात गेल्यावर तेवढं एक माप आपल्याजवळ असलं, तर माहितीपत्रकातल्या आकड्यांनी आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यानं सहसा फसगत होत नाही.