यंत्राची ओळख पटवायची कशी?



2019 साली सुरू झालेल्या 'पीएम-कुसुम' योजनेतील सौर कृषिपंपांना दूरस्थ देखरेखीची सोय असते. पंप किती चालला, याची माहिती मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या सर्व्हरकडे जाते. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याच्या शिवारात असा पंप बसला, तर तोही आपला निरोप असाच धाडेल. परंतु तो निरोप खरोखर त्याच पंपाचा आहे, हे ओळखायचे कसे? त्याचे नाव घेऊन दुसऱ्याच कोणी खोटी नोंद धाडली, तर दुरुस्तीच्या तक्रारीवेळी शेतकरीच खोटा ठरेल.

ही भीती काल्पनिक नव्हे. 2016 साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातच ठरवून दिलेले साठच्या आसपास पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर त्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा विस्कळीत झाल्या. हजारो यंत्रांना एकच पासवर्ड असेल, तर त्याला ओळख म्हणताच येत नाही.

जुन्या कारभारात शिक्कामोर्तब झालेला कागद गावोगाव जाई. शिक्का मात्र पेटीतच राही. सुरक्षित चिप याच न्यायाने चालते. गुप्त किल्ली चिपमध्येच निर्माण होते आणि बाहेर पडत नाही. सर्व्हर दर वेळी नवा अंक पाठवतो, चिप त्यावर स्वाक्षरी करते आणि जाहीर किल्लीने ती पडताळली जाते. जुने उत्तर चोरून पुन्हा पाठवणे त्यामुळे व्यर्थ ठरते.

या जाहीर किल्ल्यांची वही सांभाळायची कोणी? येथे ब्लॉकचेन उपयोगी पडते. उत्पादक, वीज कंपनी व तपासणी संस्था यांच्याकडे एकच वही असते. प्रत्येक पानावर मागील पानाचा ठसा असल्याने जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. चोरीस गेलेल्या यंत्राची किल्ली रद्द झाल्याचेही सर्वांना कळते. 2022 साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे 65,000 जातप्रमाणपत्रांची पडताळणी ब्लॉकचेनवर आणण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला, त्यामागे हेच तत्त्व होते.

मात्र तंत्रज्ञानाची भक्ती आंधळी नसावी. पहिल्याच दिवशी खोटी किल्ली नोंदवली गेली, तर ही वही ते असत्यही तितक्याच निष्ठेने जपेल. शिवाय निरोप कोणाचा, एवढेच स्वाक्षरी सांगते. मोजमाप बरोबर आहे का, हे नव्हे. म्हणून चिप, वही आणि प्रत्यक्ष तपासणी ही तिन्ही आवश्यक आहेत.

शासनाने एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणी बंधनकारक केली. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर स्वदेशी क्षमतेची साक्ष देतो. परंतु घरच्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलणे, सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार हे खरेदीपूर्वी विचारणे, ही जबाबदारी प्रत्येक कुटुंबाचीच आहे. दाराला कुलूप लावल्यावर किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे घरमालकाला ठाऊक असलेच पाहिजे.