मनाचा आजार आणि घरातली वीज



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या मालिकेत आमची गणना नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले; पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि गावातल्या वाचनालयाच्या बाकावर. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही बोनसवर बोलू, नाहीतर कंत्राटी पद्धतीवर. आम्ही विषय सांगितला तो ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. डोक्याला सौम्य वीज लावून नैराश्याचा आजार घरच्या घरी बरा करता येतो काय, हा तो विषय. कामगार चळवळीतल्या माणसाने या भानगडीत का पडावे, ते आधी सांगतो.

पंधरासोळा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एक सोबती लेथवर होता. हात असा की त्याने केलेला नग तपासनीसाकडून कधी परत आला नाही. हळूहळू तो मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटा बसू लागला. पुढे डबा न उघडताच परत नेऊ लागला. मग खाडे सुरू झाले. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून आलो. ‘मन घट्ट कर, पोराबाळांकडे बघ,’ असे आम्ही त्याला म्हणालो. पाय मोडलेल्या माणसाला कोणी ‘पाय घट्ट कर’ म्हणत नाही, हे त्या वेळी आम्हाला सुचले नाही.

खाड्यांबद्दल त्याला आरोपपत्र मिळाले. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही उभे होतो. सरकारी इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहिलेला कागद त्याच्या खिशात होता. तो कागद आम्ही त्याला बाहेर काढू दिला नाही. ‘डोक्याचा आजार म्हटलास तर कायमचा घरी बसवतील,’ असे आम्ही त्याला बजावले आणि पूर्वी कधी झालेल्या काविळीचा जुना कागद पुढे केला. नोकरी वाचली. आम्ही पेढे वाटले. पण त्याचा आजार आम्ही त्या दिवशी पुरून टाकला, आणि पुरलेली गोष्ट मेलेलीच असते असे नाही. दोन वर्षांनी त्याने आपण होऊन हिशेब घेतला आणि गावी निघून गेला.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘अण्णा, पोरानं मोबाईलवर बघितलंय. डोक्याला वीज लावली की हा आजार जातो म्हणं. तो आयटीआयचा आहे, नऊ व्होल्टची बॅटरी न् तारा आणून ठेवल्यात त्यानं. लावू का?’

आम्हाला उत्तर देता आले नाही. ‘चार दिवस थांब, हात लावू नकोस,’ एवढेच सांगितले आणि वाचायला बसलो. जिथे अडले तिथे ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा विचार नवा नाही. व्होल्टाने 1800 साली विजेची बॅटरी जगापुढे आणली आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या बोलोन्या शहरी जोव्हान्नी आल्दिनी या गृहस्थाने ती माणसाच्या डोक्याला लावली. आधी स्वतःच्या डोक्याला लावली आणि काही दिवस झोप घालवून बसला. नंतर विषण्णतेने ग्रासलेल्या एका सत्तावीस वर्षांच्या शेतकऱ्यावर त्याने उपचार केला आणि तो सुधारल्याचे लिहून ठेवले. तो रोगी शेतकरी होता हे ध्यानात ठेवा. हा आजार रिकामपणाचा, पोट भरलेल्यांचा, असे आपल्याकडे समजतात. या उपचाराच्या इतिहासात पहिले नाव कष्टकऱ्याचे आहे.

पुढे 1938 साली रोममध्ये झटक्याच्या उपचाराची सुरुवात झाली. लोकांच्या मनात ‘शॉक’ म्हणून भीती आहे ती त्याची. आज तो उपचार भूल देऊन करतात आणि अत्यंत तीव्र नैराश्यात त्याने प्राण वाचतात, तेव्हा त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो उपचार निराळा. झटक्याच्या उपचारात शेकडो मिलिअँपिअर प्रवाह सोडून मेंदूत आकडी आणतात. इथे प्रवाह बहुधा 2 मिलिअँपिअर असतो, एकाच दिशेने वाहणारा आणि मंद. आम्ही आमच्या पद्धतीने हिशेब केला. घरातला 60 वॅटचा जुना दिवा 230 व्होल्टवर सुमारे 260 मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे हा प्रवाह त्याच्या एकशेतिसाव्या हिश्शाइतका. त्यातलाही बराचसा कातडीतून आणि कवटीवरूनच निघून जातो. थोडा मेंदूपर्यंत पोचतो.

एवढ्याने होते काय? कपाळावर दोन ओले पॅड बसवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तो विचार आणि भावना यांना वळण लावण्याच्या कामी येतो, आणि नैराश्यात तो मंदावलेला असतो असे संशोधकांचे मत आहे. हा प्रवाह तिथल्या पेशींना जबरदस्तीने चालू करीत नाही. त्या चालू होण्याच्या उंबरठ्याजवळ त्यांना आणून ठेवतो, एवढेच. थंडीत गाडी ढकलून सुरू करावी लागते. इथे ढकलणेही नाही, गाडी उतारावर आणून उभी करण्यासारखे ते आहे. ही पद्धत सध्याच्या रूपात रुळली ती 2000 साली जर्मनीत ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी केलेल्या प्रयोगांनंतर.

आता घरचा प्रश्न. इंग्लंड आणि अमेरिका येथील संशोधकांनी मिळून एक मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात 2024 साली छापून आले. तीत 174 माणसे होती, सर्वांना मध्यम किंवा तीव्र नैराश्य. निम्म्यांना खरे यंत्र दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण नकली. नकली यंत्र सुरुवातीला आणि शेवटी कातडीला थोडी चुणचुण देई, म्हणजे कोणाला कोणते मिळाले ते कळू नये. प्रत्येकाने घरी बसून अर्धा तास ते डोक्याला लावायचे. पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच वेळा, पुढचे सात आठवडे तीन वेळा. संशोधक मंडळी व्हिडिओवरून मधूनमधून भेटत आणि विचारपूस करीत.

इथे आमच्यातला कामगार जागा झाला. पंधरा आणि एकवीस मिळून छत्तीस खेपा झाल्या. हा उपचार इस्पितळात जाऊन घ्यायचा म्हटला आणि प्रत्येक खेपेला अर्धाच दिवस धरला, तरी अठरा दिवसांची मजुरी गेली. वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा हा हिशेब आपल्याला पाठ आहे. 240 दिवस भरले तर रजा होते बारा दिवस. म्हणजे वर्षाची सगळी रजा संपून वर सहा दिवसांचा पगार कापला जाणार. पूर्ण आजारपणाचा दाखला मिळतो. अर्ध्या दिवसाचा कोण देतो? उपचार दारात आला तर ज्याला वेळ विकत घेता येत नाही त्यालाही तो मिळेल. ‘घरी’ या शब्दाचे मोल आम्हाला तिथे कळले.

निकाल असा लागला. दहा आठवड्यांनी खरे यंत्र लावणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे 45 जण आजाराच्या लक्षणांतून जवळजवळ मोकळे झाले. नकली यंत्र लावणाऱ्यांपैकी सुमारे 22. डॉक्टर नैराश्य मोजतात त्या हॅमिल्टनच्या मोजपट्टीवर खऱ्या यंत्राने सरासरी 9.41 गुण उतरले, नकलीने 7.14. आकडे ऐकून टाळी वाजवण्याचा मोह होतो. पण वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही एक शिकलो आहोत, की मालकाने दाखवलेल्या वाढीतून महागाई वजा केल्याशिवाय आनंद मानू नये. शंभरात 45 बरे झाले त्यांतले 22 तसेही झाले असते. यंत्राच्या पदरात पडले ते 23. शिवाय खरे यंत्र मिळालेल्यांपैकी पुष्कळांनी ते खरे असल्याचे ओळखले होते, हीही त्या चाचणीची एक कमकुवत बाजू आहे.

आणि दुसरीकडची साक्षही ऐकली पाहिजे. त्याच 2024 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी 210 माणसांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिथेही यंत्र घरीच होते, पण देखरेखीवाचून वापरायचे होते. खऱ्या आणि नकली यंत्रात फरक आढळला नाही. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या इस्पितळांत 160 रोग्यांना गोळ्यांच्या जोडीला हा उपचार देऊन पाहिला. तिथेही नकलीहून सरस ठरला नाही. 2017 साली ब्राझीलमध्येच 245 रोग्यांवर गोळी आणि वीज यांची तुलना झाली होती. वीज नकली उपचाराहून बरी ठरली, पण गोळीच्या तोडीची आहे असे काही सिद्ध करता आले नाही. तात्पर्य, हा उपचार थोतांड नाही आणि रामबाणही नाही. काहींना उपयोगी पडतो. कोणाला पडेल ते आधी सांगता येत नाही.

इंग्लंडच्या आणि ब्राझीलच्या निकालांत फरक का पडला, याची कारणे अनेक असू शकतील. माणसे निराळी, यंत्रे निराळी, मुदत निराळी. पण एका गोष्टीपाशी आमचे मन अडले. एका ठिकाणी कोणीतरी ठरल्या वेळी समोर येऊन ‘कसे आहात?’ असे विचारीत होते. दुसऱ्या ठिकाणी माणूस आणि यंत्र दोघेच होते. नकली यंत्रवाल्यांचे सात गुण कशाने उतरले? काही आजार आपल्या गतीने ओसरतो, काही आशेने उतरतो. पण त्यात विचारपुशीचा वाटा काहीच नसेल असे मानायला आम्ही तयार नाही. आमच्या सोबत्याला त्या काळी आम्ही उपदेश केला. विचारपूस केली नाही.

आता त्या नऊ व्होल्टच्या बॅटरीविषयी. परदेशात हौशी लोकांनी घरी अशी जुळवाजुळव सुरू केली तेव्हा 2016 साली या विषयातल्या संशोधकांनीच खुले पत्र लिहून त्यांना सावध केले. कारणे सरळ आहेत. चाचणीतले यंत्र प्रवाह मोजून आवरते. बॅटरीला आवर नसतो. कातडी ओली की कोरडी यावर प्रवाह बदलतो, आणि कोरड्या पॅडखाली कातडी भाजते. पॅडची जागा चुकली तर वीज भलत्या भागाला जाते. ज्यांच्या आजारात उदासी आणि उन्माद आळीपाळीने येतात, त्यांना हा उपचार उन्मादाकडे ढकलू शकतो. आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळताहेत त्याला दहा आठवडे वाट पाहायला सांगणे धोक्याचे आहे. अशा माणसांना त्या चाचणीत घेतलेही नव्हते. आजार कोणता, किती, हे ओळखणारा वैद्य आधी हवा. यंत्र मागाहून.

आमच्या सोबत्याला आम्ही हेच सांगितले. ‘बॅटरी रेडिओला लाव,’ म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून त्याच्या गावी गेलो. त्याला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. मानसोपचाराच्या रांगेत चार तास त्याच्याशेजारी बसलो. केसपेपरावर आजाराचे नाव लिहिताना त्याने आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही ओळखली. चौकशीच्या खोलीत खिशातल्या कागदावर हात ठेवून त्याने असेच पाहिले होते. या वेळी आम्ही म्हणालो, ‘लिहू दे.’

त्याला गोळ्या सुरू झाल्या. चमत्कार घडला नाही. काही दिवस अजूनही वाईट जातात. पण जेवू लागला आहे, आणि पोराच्या दुकानात ड्रिल मशीन दुरुस्त करीत बसतो.

बंधुभगिनींनो, हा उपचार उद्या अधिक सुधारेल, स्वस्त होईल, आपल्या गावातही येईल. आला तर तो दुकानातून खोके विकत घेण्याच्या रूपाने येऊ नये. डॉक्टर आणि विचारपूस करणारा माणूस यांच्यासह तो यावा, आणि ज्याला गरज आहे त्याला तो दवाखान्यातून मिळावा. मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकाच विम्याचा आधार मिळाला पाहिजे असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. कायद्याने दिलेले हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. आमच्या युनियनच्या मागण्यांच्या यादीत यंदा एक कलम वाढले आहे: मनाच्या आजाराची रजा, त्याच नावाने. ते कलम आम्हीच घातले, आणि काविळीच्या त्या कागदाची गोष्ट आमसभेत उभे राहून सांगितल्यानंतर घातले.

ज्यांना आजच कोणाशी बोलण्याची गरज आहे त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 2022 पासून चालू आहे. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत. वहीत लिहून घ्या. तुम्हाला लागला नाही तर शेजाऱ्याला लागेल.