मागे राहण्याची धास्ती आणि कर्मचाऱ्याचे मनःस्वास्थ्य



भोपाळ येथील चार इमली ही शासकीय अधिकाऱ्यांची वसाहत. चार चिंचांचे नाव धारण करणाऱ्या अशा वसाहतींतून आज कचेरी सुटली तरी कचेरीचे काम सुटत नाही. भ्रमणध्वनी उशाशी असतो आणि एखादी सूचना, एखादी संधी आपल्यावाचून निघून जाईल, ही धास्ती मनास लागून राहते.

ही धास्ती नवी नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या अनेक मराठी कर्मचाऱ्यांना बिऱ्हाड उचलून तेथे जावे लागले. एकत्रित ज्येष्ठतायादीत आपले नाव कोठे लागेल, ही काळजी तेव्हाही होतीच. मात्र यादी सावकाश येत असे. संदेश क्षणोक्षणी येतो.

मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रझिबिल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हे भय मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वायत्तता, कर्तबगारी व आपलेपणा या गरजा ज्यांच्या अपुऱ्या राहतात, त्यांस हे भय अधिक ग्रासते, असे त्यांस आढळले. तेव्हा सारा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. जेथे साहेबांच्या नजरेसमोर राहणाऱ्यालाच संधी मिळते असा समज असतो, तेथे कर्मचारी मध्यरात्रीही संदेश पाहणारच. मग झोप मोडते, चिडचीड वाढते, कामात चुका होतात.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने लागू झाला. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशाच आशयाचे अशासकीय विधेयक मांडले. परंतु पुष्कळसे कायद्यावाचूनही साधण्याजोगे आहे. पूर, साथ अशा प्रसंगी अधिकाऱ्यांनी थेट दूरध्वनी करावा; इतर संदेश सकाळपर्यंत थांबवावेत. बदली, प्रशिक्षण व पदोन्नतीची परिपत्रके सर्वांस एकाच वेळी दाखवावीत. रजेवरून परतलेल्या शिक्षकास मधल्या घडामोडींचे टिपण मिळावे. ग्रामस्थांनीही साध्या दाखल्यासाठी रात्री कोणास उठवू नये. मन फारच अस्वस्थ असल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

कर्मचारी रात्री निश्चिंत झोपला, तर सकाळी दाराशी आलेल्या ग्रामस्थाचे काम नीट होते. घरचा दिवा वेळेवर मालवणे, हीदेखील लोकसेवाच होय.