लाल डोळे, कोरडे डोळे आणि शिक्षक



वर्गात लाल डोळ्यांचे मूल दिसले की ‘डोळे आले’ असे म्हणून आपण त्यास घरी पाठवितो. पुष्कळदा ते योग्यच असते. परंतु प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ नसतो; आणि ज्या डोळ्याची सर्वांत अधिक काळजी करावी, तो कित्येकदा लाल नसतोच.

पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. २०२३ साली ती महाराष्ट्रात सर्वदूर पसरली होती. सकाळी पापण्या चिकटतात, पाणी व घाण येते. हा रोग नुसत्या पाहण्याने लागत नाही. हात, रुमाल व पंचा यांतून लागतो. अशा मुलास घरी ठेवावे व इतरांना साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

दुसरे कारण आपल्या किनाऱ्याचेच आहे. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. पापणी मिटली की तो सारखा पसरतो. खारा वारा, उडती वाळू व चुलीचा धूर यांनी तो सुकतो वा बिघडतो. मोबाइलकडे टक लावून पाहणारे मूल पापण्याही कमी मिटते. मग डोळे लाल होतात, खुपतात, जळजळतात. पण चिकट घाण येत नाही. येथे कारण दूर करणे व डोळ्यांना विसावा देणे हाच पहिला उपाय होय.

तिसरे कारण आता विरळ झाले असले, तरी सर्वांत घातक आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की मूल तिन्हीसांजेस अडखळू लागते, डोळ्याची चकाकी जाते, पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका दिसतो. दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची जाते. शेवग्याचा पाला, माठ, पपई, आंबा, अंडी, माशाचे काळीज हे अन्न आपल्या गावांतच मिळते. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. धाकट्या भावंडांना तो मिळाला की नाही, हे पालकांस अवश्य विचारावे.

काजळ, मध, दूध किंवा दुसऱ्याचे औषध डोळ्यात घालू देऊ नये. तीव्र वेदना, अंधुक दिसणे, बुबुळावर पांढरा डाग, किंवा वर सांगितलेला रातांधळेपणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

आपण मुलांची नखे तपासतोच. त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांकडेही क्षणभर पाहावे, एवढीच विनंती.