परसदारीचा आनंद
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आपला धर्मगुरू एखाद्या गहन विषयावर बोलेल अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी बोलणार आहे तो अळू, पडवळ आणि मोगरा यांविषयी. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. आपले कबुलीजबाब ऐकणे हे माझे नित्याचे काम. आज माझा आपण ऐकावा.

गतवर्षी उपवासकाळात महोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हा निवासामागील परसात सरसकट फरशी बसवावी, म्हणजे पाहुण्यांच्या मोटारींची सोय होईल, असा बेत मी केला. मोजमापही झाले. तेव्हा ज्या वृद्ध बाबांनी ती बाग वर्षानुवर्षे राखली, ते एवढेच म्हणाले, "फादर, मग विहिरीनं पाणी कुठून प्यावं?" मला उत्तर सुचेना. आपली वसई समुद्रालगतची. जमिनीत गोड्या पाण्याची भर पडते ती पावसाने. ती थांबली आणि उपसा मात्र चालू राहिला, म्हणजे खारे पाणी आत शिरते. मी म्हणालो, "बाबा, एक वर्ष ही बाग मला दाखवा, मग ठरवू."

त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ते पायरीवर बसत आणि खुरपे माझ्या हाती असे.

प्रथम उन्हाळा आला. ऊन जसजसे कडक होई, तसतसा मोगरा बहरू लागला. सायंप्रार्थनेच्या घंटेच्या सुमारास त्याच्या कळ्या उमलत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना मोगऱ्याचीच उपमा का दिली असावी, हे मला सेमिनरीतील ग्रंथालयात नव्हे, त्या अंगणात कळले. पहाटे शेवग्यावर दयाळ पक्षी गाई, आणि मिस्सेपूर्वीची ती दहा मिनिटे मला दिवसभर पुरत.

जूनमध्ये पाऊस लागला. अळू एका आठवड्यात पसरले, पडवळाचा वेल मांडवावर चढला. कोवळे पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकास लहानसा दगड बांधावयाचा असतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो. लिंबाच्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पाहून मी त्या चिरडणार, इतक्यात बाबांनी मला थांबविले. काही दिवसांनी त्यांतील एकीचे काळेपिवळे फुलपाखरू झालेले पाहिले, तेव्हा कुरूप वाटणाऱ्या कितीकांविषयी मी घाईने मत बनविले असेल, हा विचार मनास टोचला.

हिवाळ्यात वाल, मुळा, शेवंती आली. मिरची, पपई आणि पेरू ही आपणांस येथलीच वाटतात. परंतु पोर्तुगीजांच्या काळात ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्या देशात आली. मातीने त्यांस परके म्हटले नाही. आज नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांस आपण तितक्याच सहजतेने आपले म्हणतो काय, हा प्रश्न मी आपल्याबरोबर स्वतःसही विचारीत आहे.

नाताळाच्या आठवड्यात केळीचा घड उतरविला. घड उतरल्यावर ते झाड तोडून टाकावयाचे असते. कोयता मारताना माझा हात थबकला. बाबा म्हणाले, "खाली बघा, फादर." बुंध्याशी तीन मुनवे उभे होते. बाबांनी माझ्या हाती खुरपे का दिले, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले.

असो. बंधुभगिनींनो, फरशीचा बेत मी रद्द केला आहे. मोटारी शाळेच्या मैदानावर उभ्या राहतील, आणि पाहुण्यांस दहा पावले अधिक चालावे लागेल, याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

आपणांपैकी कित्येकांच्या वाड्या गेल्या, काहींनी गरजेपोटी विकल्या. त्यांस दोष देण्याचा मला अधिकार नाही. विनंती एवढीच की, ज्याच्या दारी माती उरली आहे, त्याने तिचा एक कोपरा उघडा ठेवावा. जो वरच्या मजल्यावर राहतो, त्याने एका डब्यात पुदिना लावावा. आनंद ही सणावारीच येणारी वस्तू आहे असा आपला समज असतो. परंतु तो रोज पहाटे परसदारी येऊन उभा राहतो. दार उघडणे मात्र आपल्या हाती आहे.