पडद्यावरच्या मावळ्याचा पोशाख



ऐतिहासिक चित्रपटांतील वेशभूषा हा विषय एका कामगार कार्यकर्त्याने का घ्यावा, असे काहींना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटात अधिक झाले. पण मी गिरणगावात वाढलेला माणूस. पडद्यावर राजा आला की लोक त्याचा चेहरा पाहतात आणि मी त्याच्या अंगरख्याची शिवण पाहतो. खोड म्हणा.

शिवण पुष्कळ बोलते. शिवणयंत्र बाजारात आले ते १८५० च्या सुमारास, आणि पर्किन या इंग्रज तरुणाला पहिला रासायनिक जांभळा रंग सापडला तो १८५६ साली. म्हणजे शिवकालातला प्रत्येक टाका हाताचा, आणि रंग नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा यांचे. धोटा हाताने फेकायचा, तेव्हा विणकराचे हात जिथवर पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. एका पन्ह्यात घेर बसत नसे, म्हणून अंगरख्याला कळ्या जोडाव्या लागत. आजचा कारागीर मोठ्या पन्ह्याच्या कापडातून सबंध घेर कापतो, वरून खोट्या कळ्यांच्या शिवणी घालतो, आणि मग कापड पडते ते वेगळेच पडते. जाणत्याला ते लगेच कळते.

राजाच्या बाबतीत तरी अभ्यास होतो. महाराजांच्या जिरेटोपासाठी सतराव्या शतकातली चित्रे युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. ती पाहता येतात. मावळ्याचे चित्र कोणी काढून ठेवले? पेरणी-कापणी सांभाळून दसऱ्याला मोहिमेवर निघणारा तो कुणबी. त्याच्या अंगावर घरचे जाडेभरडे कापड आणि खांद्यावर घोंगडी. पडद्यावर मात्र शंभर मावळे एकाच ताग्यातून कापलेले, एकाच रंगाचे, इस्त्री केलेले! गणवेशाच्या पलटणी पुढच्या काळातल्या. पण गठ्ठ्याने भाड्याने आणलेल्या कपड्यांना काळ कोण विचारतो? नायकाच्या एका शेल्यावर जेवढा विचार होतो, तेवढा त्या शंभर जणांवर मिळून होत नाही.

म्हणून मला कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे काम मोठे वाटते. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. काम सोपे नव्हते. एकाच माणसाचा विलायती बॅरिस्टरी सूट, १९१५ साली मायदेशी परतल्यावरचा काठेवाडी वेष, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पत्करलेला आखूड पंचा, म्हणजे तीस-चाळीस वर्षांचे राजकारण कपड्यांतूनच सांगायचे. पण मी तो चित्रपट पाहतो तो गर्दीसाठी. त्या गर्दीतला माणूस रोज तेच धोतर नेसणारा वाटतो. पुढे २००१ च्या ‘लगान’मध्येही १८९३ चे खेडे त्यांनीच सजवले, तिथेही तीच नजर.

हे कसे साधते? कपडा नवा शिवायचा आणि मग जुना करायचा. चहाच्या पाण्यात बुडवायचा, दगडावर घासायचा, उन्हात टाकायचा. यात अक्कल लागते. ओझे वाहणाऱ्याचा सदरा आधी खांद्यावर विरतो, कारकुनाचा कोपरावर. ज्याने हमाल पाहिलाच नाही तो सगळीकडे सारखाच घासतो. शिवाय चित्रण आज एक, महिन्याने दुसरे. म्हणून एकाच कपड्याच्या तीन-चार जोड्या, आणि चौघींवर डाग नेमका त्याच जागी हवा. ‘मुगल-ए-आझम’च्या वेळी, १९६० पूर्वी, दिल्लीचे शिंपी आणि सुरतेचे जरीकाम करणारे आणले होते, असे सांगतात. गावांची नावे राहिली. माणसांची कोणाला आठवतात?

‘गांधी’ नोव्हेंबर १९८२ मध्ये आपल्याकडे लागला, तेव्हा मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारीपासून संपावर होते. पडद्यावर सूतकताईचा गौरव आणि बाहेर सूत कातणाऱ्यांच्या चुली थंड. मी तेव्हा लहान होतो. हा योग पुढे तारखा जुळवताना ध्यानात आला.

माझ्याकडे एक कटिंग मास्तर आले होते. एका ऐतिहासिक चित्रपटासाठी त्यांनी आणि सहा जणांनी रात्री जागवून काम केले. अखेरचा हप्ता बुडाला. कागद काही नव्हता. सिने-कामगारांना लेखी करार दिल्याशिवाय कामावर घेऊ नये, हे १९८१ च्या कायद्यात लिहिले गेले होते; पुढे २०२० च्या श्रमसंहितेत त्याला सामावून घेतले. पण शिंप्याला काम मिळते ते ठेकेदाराकडून, ठेकेदाराला ड्रेसवाल्याकडून. निर्माता म्हणतो, मी या माणसाला ओळखतच नाही. आणि खरेच ओळखत नाही!

आमच्या दोन मागण्या आहेत. सुईपासून रंगाच्या पातेल्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात कराराचा कागद, आणि श्रेयनामावलीत कटिंग मास्तर व रंगाऱ्याचे नाव. दुसरीला फक्त एक ओळ लागते, तरीही तिच्यावरच जास्त हुज्जत होते.

सभागृहात कोणी शिवणकाम करणारे असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर जरूर थांबावे. मानेजवळचा मळ चहाच्या पाण्याने चांगला येतो की काताने, यावर आमच्या मास्तरांचे अजून एकमत झालेले नाही.