बागेतला राखाडी डबा
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सेक्रेटरीसाहेबांचा आग्रह की बागेच्या भिंतीवरच्या त्या राखाडी डब्यात काय चाललंय ते एकदा सगळ्यांना सांगा. मी बी.कॉम., आणि हयात गेली बँकेत. तेव्हा आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आठवत असेल, बागेचा नळ एकदा रात्रभर चालू राहिला. सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी, टँकर मागवावा लागला आणि सगळी बोलणी माळ्याला बसली. मीटिंगमध्ये तर बागच बंद करा, इथवर सूचना आली. तेव्हा मी म्हटलं, मला दोन महिने द्या.

डब्यात आर्डुइनो उनो नावाचा छोटा बोर्ड आहे. हे आर्डुइनो प्रकरण २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी निघालं. ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं गाव तेच, हे आमच्या पिढीसाठी सांगतो. बोर्डाच्या शेजारी सेलवर चालणारं घड्याळ आहे, कारण बोर्डाला स्वतःला वेळ कळत नाही. सकाळी सहा वाजले की तो पाणी सोडायचा हुकूम देतो, दहा मिनिटांनी बंद करायचा.

आता खरी गोम. या बोर्डाची एक पिन देते ५ व्होल्ट आणि सुखाने फार तर २० मिलिअँपिअर. ४० ला तर तिची कमाल मर्यादाच संपते. एवढ्यात बारका दिवा लागतो. पाण्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा कॉक, मागतो १२ व्होल्ट. मी त्याच्या कॉइलचा रोध मीटरने मोजला, तो ३० ओहम भरला. १२ भागिले ३० म्हणजे ०.४, अर्थात ४०० मिलिअँपिअर. पिनेच्या ऐपतीच्या वीसपट!

बँकेत पासिंग ऑफिसर चेकवर सही करतो, पण रोकड काही त्याच्या खिशातून जात नाही, ती कॅशियर देतो. इथे सही बोर्डाची, रोकड १२ व्होल्टच्या वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची, आणि कॅशियर म्हणजे मॉसफेट नावाचा तीन पायांचा तुकडा. एका पायावर ५ व्होल्ट आले की तो उरलेल्या दोन पायांमधली वाट मोकळी करतो. मात्र बोर्ड आणि अ‍ॅडॅप्टर यांच्या मायनस वायरी एकमेकींना जोडलेल्या हव्यात. नाही तर पाच व्होल्ट म्हणजे कुठून मोजलेले पाच, हे मॉसफेटला कळणार कसं?

खरेदी करताना एका अक्षराकडे लक्ष ठेवा. मला हवा होता आयआरएलझेड ४४ एन. दुकानदाराने आयआरएफझेड ४४ एन पुढे केला, वर म्हणाला, "काका, सेमच आहे." सेम नाही. 'एफ'वाल्याला पुरतं उघडायला १० व्होल्टच्या आसपास लागतात. ५ वर तो अर्धवट उघडून तापत बसू शकतो. चेकवरचं स्पेलिंग तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असं फसवता येत नाही.

आणि एक डायोड, १एन४००७, किंमत अगदी किरकोळ. नळ झटकन बंद केला की पाइप कसा ठोकतो, ते आपण ऐकतोच. कॉइलमधल्या विजेचं तसंच आहे. वाट एकदम तोडली की ती थांबायला तयार नसते, उलटा दाब उसळतो आणि मॉसफेटचा बळी जातो. म्हणून कॉइलला समांतर डायोड लावायचा, त्याचा पट्टा प्लसच्या बाजूला. एरवी तो गप्प असतो. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइलमधली वीज त्याच्यातून गोल फिरून विरून जाते. पट्टा उलटा लावाल तर मात्र सरळ शॉर्ट होईल.

आता रात्रभर पाणी वाहण्याची भीती. व्हॉल्व्ह असा घेतला आहे की वीज नसली की स्प्रिंगने बंदच राहतो. लाइट गेले, पाणी बंद. बोर्ड सुरू होताना काही क्षण पिन अधांतरी असते. तेव्हा मॉसफेटने भलतंच ऐकू नये म्हणून १० किलोओहमचा रेझिस्टर त्याचा पाय मायनसला धरून ठेवतो. आणि प्रोग्रामच अडकला तर? चिपमध्ये वॉचडॉग नावाची सोय आहे. आठ सेकंदांत प्रोग्रामची हजेरी लागली नाही की तो चिप पुन्हा सुरू करतो, आणि सुरू होताना प्रोग्राम पहिलं काम करतो ते व्हॉल्व्ह बंद करण्याचं. आपल्या वॉचमनसारखाच, फक्त डुलकी घेत नाही.

गच्चीवरच्या कुंड्यांनाही हेच लावा, असं वहिनी मंडळी म्हणतात. तिथे हा व्हॉल्व्ह चालणार नाही. त्याच्या आतला पडदा पाण्याच्याच दाबाने हलतो, त्याला साधारण दोन मीटर तरी उंचीचं पाणी वर लागतं. खालच्या बागेला चार मजल्यांची उंची मिळते, कुंड्या तर टाकीच्या पायाशीच आहेत. तिथे बिनदाबाचा, थेट उघडणारा प्रकार घ्यावा लागेल, तो महाग पडतो. कमिटीने ठरवावं.

२३० व्होल्टची वायर डब्यात आणलेली नाही. अ‍ॅडॅप्टर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, बागेत येतात ते फक्त १२ व्होल्ट. मुलं तिथे खेळतात, म्हणून ही माझी अटच होती.

व्हॉल्व्हच्या अलीकडे जुना हातनळ तसाच ठेवला आहे, त्याला लाल रंग दिलाय. काही शंका आली की माळ्याने आधी तो बंद करायचा आणि मग मला फोन करायचा. त्याला कोणी बोल लावायचा नाही.